पत्र्याखालच्या खोलीचं एस्टिमेट

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक खरा आकडा कधीच सांगत नाही. डॉक्टरपुढे माणसं जीभ बाहेर काढतात, वकिलापुढे सख्ख्या भावाची लफडी सांगतात, पण एस्टिमेट करणाऱ्या बाईपुढे बसली की सगळी एकदम गरीब होतात. "मॅडम, तुम्हीच सांगा किती लागतील," म्हणतात. मी सांगितलं की नवरा बायकोकडे बघतो, बायको पंख्याकडे बघते, आणि मग दोघं मिळून मला पटवू लागतात की खिडकीची तशी काही गरज नाही.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला, काही वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरकडे बिलं तपासली आणि मग सांगवीत घराच्या पुढच्या खोलीवर स्वतःची पाटी लावली. नव्या बंगल्यांची कामं बाईकडे कोणी घेऊन येत नसे. यायची ती दुरुस्तीची आणि वाढीव खोल्यांची, आणि त्यातही पोटमाळ्यांची. छप्पर आणि खालची खोली यांच्यामध्ये जी पोकळी उरते, जिथे फुटक्या बादल्या, गणपतीची मखरं आणि मोडके पाळणे पडलेले असतात, तिथे माणसाला राहता येईल का आणि त्याला किती खर्च येईल, हे सांगणं माझं काम झालं. चिखलीच्या रो-हाउसवाल्यांना बिल्डरने त्याला 'अॅटिक' म्हणायला शिकवलं होतं. गावठाणातले लोक 'माळा' म्हणत. नाव काही असलं तरी वर चढून गेल्यावर कोळिष्टकं तीच.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला, तेव्हा पाटी काढली. संपादकांचा फोन आला, "धंद्यातल्या गमतीजमती लिहा." गमती आहेत, पण थोड्या. बाकीचं आठवलं की अजून डोकं तापतं, आणि या वयात ते बरं नव्हे असं घरचे म्हणतात.

बाहेरच्यांसाठी आधी थोडं समजावून सांगते. पोटमाळ्याच्या खर्चात दोन जाती असतात, दिसणारा खर्च आणि न दिसणारा खर्च. टाइल, रंग, पीओपी, दिवे हा दिसणारा. हा पाहुण्यांना दाखवता येतो, म्हणून त्याला हात आखडत नाहीत. पत्र्याखाली उष्णता अडवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, माळ्याच्या जमिनीखालचे आधार, सांडपाण्याच्या पाइपाला पुरेसा उतार, माणसाला धड चढता येईल असा जिना, हा न दिसणारा. कात्री नेमकी इथेच चालते. पण माळ्यावर माणूस राहील की पळून जाईल हे या न दिसणाऱ्या खर्चावरच ठरतं. पत्रा दुपारी तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती आग खाली सोडत राहतो. इटालियन टाइलवर झोपलं तरी तो काही कमी तापत नाही.

म्हणून मी एक पद्धत ठेवली होती. मे महिन्यात, भर दुपारी जायचं, आणि बोलणं वर पत्र्याखाली बसूनच करायचं. खाली सोफ्यावर बसून ज्यांना इन्सुलेशन ही चैन वाटायची, त्यांना वर पाव तास बसवलं की त्याचं महत्त्व न सांगता कळायचं. काही जण चिडायचे. एक निवृत्त साहेब सांगवीचेच, त्यांना माळ्यावर अभ्यासिका हवी होती. चढायच्या आधीच मला म्हणाले, "मॅडम, मला ऊन बाधत नाही." वर गेले, चष्म्यावर घामाचे थेंब पडले, आणि उतरताना म्हणाले, "अभ्यासिका हिवाळ्यातच वापरेन." जिनाही त्यांनी अरुंद करून घेतला, जागा वाचते म्हणून. मग सागवानी टेबल वर जाईना. ते शेवटी दोरखंडाने बाहेरून ओढून, खिडकीची चौकट काढून आत घ्यावं लागलं. चौकट काढण्याचा आणि परत बसवण्याचा खर्च जिन्यात वाचवलेल्यापेक्षा जास्त आला. साहेबांनी त्याचं खापर टेबलावर फोडलं.

दुसरे चिखलीचे एक वर्कशॉपवाले. खाली लेथ, वर माळ्यावर संसार मांडायचा त्यांचा बेत. मी म्हटलं, "मशीन चालू झाली की वरची भांडी नाचतील." ते म्हणाले, "रात्रपाळी बंद करतो ना, राव." मला 'राव' म्हणणारे ते एकमेव गिऱ्हाईक. बायको वर येऊन उभी राहिली, त्यांनी मशीन चालू केली, आणि ती खाली उतरून थेट रिक्षात बसली. त्या एस्टिमेटचे पैसे मात्र त्यांनी चोख दिले.

एवढ्या गमती पुरे. आता कुरुळीचं सांगते, कारण ते सांगायचं नसतं तर मी हा लेख लिहायलाच घेतला नसता.

कुरुळीतलं ते घर विटांचं, वर उतरतं पत्र्याचं छप्पर. बापाने बांधलेलं. जमिनी कारखान्यांना गेल्या, पैसे आले, आणि दोन भावांनी घराच्या मधोमध भिंत घालून वाटणी करून घेतली. भिंत माळ्याच्या खाली पोचली आणि तिथे थांबली. माळा सामाईक राहिला, कारण तिथे कांदे आणि जुनं लोखंड होतं आणि त्याच्यावरून कोणाला भांडायचं नव्हतं. माळ्याची जमीन चांगली होती, लोखंडी गर्डरवर शहाबादी फरश्या. पूर्वीच्या लोकांनी धान्याच्या हिशेबाने केलेलं काम, त्यावर चार माणसं आरामात राहिली असती.

थोरले नामदेवराव, धाकटे संतोष. मला बोलावलं ते त्यांच्या थोरल्या बहिणीसाठी. तिला सगळे आक्का म्हणत. आक्कांचा नवरा वारला, मूलबाळ नाही. दीर म्हणाला, "तुझ्या भावांची जमीन सोन्याची झाली, तू आमच्याकडं कशाला ऱ्हातीस." त्या माहेरी आल्या. जमिनीवरचा हक्क त्यांनी लग्नानंतरच सोडून दिला होता. आपल्याकडे पद्धत अशी की बहिणीने सही करायची, भावाने साडीचोळी करायची, जेवण घालायचं, आणि माहेरचं दार तिला कायम उघडं आहे असं सगळ्यांनी धरून चालायचं. हे शेवटचं मात्र कुठल्याच कागदावर येत नाही.

आक्का एक महिना थोरल्याकडे जेवायच्या, एक महिना धाकट्याकडे. अमावास्या झाली की ट्रंक उचलून भिंतीच्या पलीकडे. झोपायचं ज्याची पाळी असेल त्याच्या पुढच्या खोलीत, टीव्ही बंद झाल्यावर. म्हणून भावांनी ठरवलं की आक्काला वर खोली काढून द्यायची.

"मॅडम, झकास करा," नामदेवराव म्हणाले. "आमच्या आक्कानं आमाला अंगाखांद्यावर खेळवलंय. पैशाचं बघू नका."

"व्हय, पर एस्टिमेट आधी दावा," संतोष म्हणाला.

मी नेहमीसारखं म्हटलं, वर बसून बोलू. नामदेवराव शिडीवर छातीपर्यंत चढले, आत डोकावले आणि "बघितलेलंच हाय" म्हणून उतरले. संतोषला तेवढ्यात फोन आला. वर आल्या फक्त आक्का. पदराने मान पुसत पोत्यावर बसल्या आणि चहूकडे असं बघू लागल्या की ते कांद्यांचं अंधारं कोठार त्यांना दिसतच नव्हतं. त्यांना खोली दिसत होती.

"ताई, इथं खिडकी निघंल का?"

"निघेल की. पूर्वेला काढू, सकाळचं ऊन येईल."

"आन शेगडी मावंल एवढा ओटा? मला लई न्हाई लागत. सकाळचा च्या माझ्या हातानं करून प्यायचा हाय. दुसऱ्याच्या घरात च्या किती वेळा मागायचा?"

भावांच्या घराला त्या दुसऱ्याचं घर म्हणाल्या. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

मी एस्टिमेट केलं. अवाच्या सवा काही नव्हतं. पत्र्याखाली थर, त्याखाली छत, दोन्ही टोकांना हवेसाठी जाळ्या, खिडकी, छोटं संडास-बाथरूम, ओटा, आणि घरातून चढणारा जिना. साठीच्या बाईसाठी कठड्याचा, रुंद पायऱ्यांचा. भावांनी अर्धा अर्धा खर्च उचलायचा होता. बैठकीला आक्का चहा घेऊन आल्या आणि दाराशी बसल्या.

पहिली अडचण जिन्याची. जिना खाली उतरणार कोणाच्या अर्ध्या भागात? मला वाटलं जागा अडते म्हणून वाद आहे. तसं नव्हतं. ज्याच्या घरात जिना उतरेल त्याच्या घरात आक्का उतरतील. आजारी पडल्या, पाय घसरला, म्हाताऱ्या झाल्या, तर त्या त्याच्या. हे दोघांनाही माझ्या आधी कळलं होतं. संतोष म्हणाला, "दादाकडं जागा जास्त हाय." नामदेवराव म्हणाले, "संतोषकडनं सोयीचं पडतंय." शेवटी जिना घराबाहेर गेला, उभट, लोखंडी, कठडा एकाच बाजूला.

मग संडास. पाइप कोणाच्या भिंतीतून उतरवायचा, यावर तेच. "खाली हाय की संडास," नामदेवराव म्हणाले. खिडकीवर संतोष म्हणाला, त्या बाजूला पुढेमागे त्याला बांधकाम वाढवायचं आहे. पत्र्याखालचा थर नको, यावर दोघांचं एकमत झालं. तेवढं एकच एकमत त्या दिवशी झालं.

"आक्का काय दिवसभर वर बसून ऱ्हानार हाय का? झोपायपुरतं तर जायचं. आन तिला सवय हाय, तिनं उन्हातान्हात कामं केल्यात," संतोष म्हणाला.

उरला ओटा. ओटा म्हणजे काय, दोन विटा आणि एक कडाप्पा. मला वाटलं तो राहील. पण तिथेच दोघांच्या इज्जतीचा प्रश्न आला.

"त्ये न्हाई जमायचं मॅडम," नामदेवराव गंभीर होऊन म्हणाले. "वर येगळी शेगडी पेटली तर गाव काय म्हनंल? दोन दोन भाऊ आन बहिणीला येगळं शिजवाय लावलं. तोंड दाखवाय जागा ऱ्हायची न्हाई."

मी आक्कांकडे पाहिलं. त्या खाली बघून रिकामे कप एकात एक घालत होत्या.

मी कागद बाजूला ठेवला. एस्टिमेटमध्ये आता एक पांढरा रंग आणि एक दिवा उरला होता. "नामदेवराव," मी म्हटलं, "याला खोली म्हणत नाहीत. कांदे उतरवायचे आणि त्यांच्या जागी आक्कांना ठेवायचं, एवढंच होतंय हे. त्याला माझं एस्टिमेट लागत नाही."

"आमच्या बहिणीचं आमाला शिकवू नका," ते म्हणाले. ते बरोबरच होतं. बहीण त्यांची, पैसा त्यांचा. आमचं काम आकडे मांडायचं, आणि कोणी एकेक आकडा खोडत गेलं की गप्प बघायचं. मी बॅग उचलून आले आणि वाटेत रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले.

दिवाळी होऊन गेली आणि नामदेवरावांचा फोन आला. पहिलं एस्टिमेट, सगळंच्या सगळं, मंजूर. "जिना रुंद करा. संडास, खिडकी, ते पत्र्याखालचं काय म्हनताय त्ये, समदं. ओटाबी घ्या." मला इतका आनंद झाला की मी माझी फी आपणहून कमी केली. माणसाच्या मनाला कधी ना कधी टोचतं, असं मी त्या दिवशी घरी दोनदा बोलून दाखवलं.

काम मी जीव लावून केलं. पत्र्याखाली थर, मग हवा खेळायला मोकळी जागा, मग छत. आढ्याखाली दोन्ही टोकांना जाळ्या, म्हणजे गरम हवा साचत नाही. जिना पुढच्या सामाईक व्हरांड्यातून घेतला, दोन्ही भावांच्या दारांसमोर उतरणारा. तो तोडगा माझा होता आणि त्याचा मला अजूनही अभिमान आहे. खोली भरपूर मोठी निघाली.

नव्या प्लास्टरला काही दिवस पाणी मारावं लागतं, नाही तर तडे जातात. ते मजूर करतात. इथे आक्का पाइप घेऊन चढायच्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "माझ्या खोलीला मीच पानी मारीन." सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. पाठीला हात लावून, पण कोपरा न् कोपरा भिजवायच्या.

अशाच एका संध्याकाळी संतोष टेप घेऊन वर आला आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मापं घेऊ लागला. मी विचारलं, काय हवंय.

"कॉट किती बसत्यात बघतोय," तो म्हणाला. "चाकणच्या कंपनीतली पोरं हायेत. कॉटवर भाडं देत्यात. मधी पार्टिशन टाकलं तर अजून दोन बसतील."

मी त्याला ओढत खाली नामदेवरावांकडे नेलं नाही, कारण ते जिन्यात उभेच होते.

"मग एवढा खर्च कशासाठी केलात?" मी विचारलं. "तेव्हा तर इन्सुलेशन नको होतं, संडास नको होता."

"भाडेकरू पत्र्याखाली टिकत न्हाईत, मॅडम," नामदेवराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "येक उन्हाळा काढला की खोली सोडत्यात. संडासाला खाली कशाला येतील ती? आन जेवनाखान्याला ओटा लागतोयच. चांगलं करून दिलं तर भाडंबी चांगलं येतंय."

"आणि आक्का?"

"आक्काला काय, तिला दोन घरं हायेत की. त्या पोरांना इथं येकतरी हाय का?"

आक्का ओट्याच्या बाजूला पाइप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. पाणी बंद केलं नाही. राहिलेली भिंत वरपासून खालपर्यंत भिजवली, पाइप गुंडाळून ठेवला आणि आमच्या मधून वाट काढत खाली गेल्या.

निदान एक कोपरा त्यांना ठेवा, असं मी म्हटलं. छप्पर उतरत येतं तिथे उंची कमी असते, एका माणसाची पथारी सहज मावते. "तिथं बी येक कॉट बसतीय," संतोष म्हणाला. काम टाकून निघून यावं असं फार वाटलं. टाकलं असतं तर दुसऱ्या कोणीतरी दोन दिवसांत पुरं केलं असतं. एवढाच काय तो माझ्या अधिकाराचा आवाका.

निघण्यापूर्वी आक्कांना एकटं गाठलं. म्हटलं, तुम्ही तोंड उघडा, चार माणसं बोलवा, तुमच्या सहीवर ही घरं उभी आहेत.  त्या म्हणाल्या, "सही केली तवा मला वाटलं व्हतं, हक्क सोडतीया. घर सोडतीया असं कुनी सांगितलं न्हवतं." आणि पुढे, अगदी साध्या आवाजात, "भांडून खोली मिळंल ताई. पर मग ह्या दोन दारांत मला कोन उभं करंल?"

 त्या प्रश्नाचा मला आजही राग येतो.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्याच गोठ्याच्या जागेवर खोल्या काढायच्या म्हणून नामदेवरावांनी पुन्हा बोलावलं. जायचं नव्हतं, पण आक्का कशा आहेत बघायचं होतं. दोन्ही भाऊ बाहेर गेले होते. आक्का वरच होत्या, ओट्याशी, भाकरी थापत. भाडेकरूंचे डबे आता त्याच करतात. वेगळी शेगडी पेटली होती, आणि गाव काही म्हणालेलं दिसत नव्हतं. डब्यांचे पैसे भाड्यातच धरलेले, म्हणजे भावांकडे.

दुपार होती. पत्रा बाहेरून हात लावू देत नसेल, पण आत पंखा बंद असतानाही बसवत होतं. आक्कांनी हात पुसले आणि मला कॉटवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसल्या.

"लई गार लागतं हो ताई इथं. खाली जीव नुसता उकडून निघतोय. पोरं पहिल्या पाळीला गेली की मी वर येते. झाडलोट करते, सैपाक करते, आन मग खिडकीपाशी जरा टेकते." त्या हसल्या. "परवा तर डोळाच लागला माझा. जाग आली तवा त्यो बीडकडचा हाय न्हवं, त्यो पाळी लवकर सुटली म्हनून आलेला. दारात उभा, बूट हातात घेऊन. मला म्हनतो, झोपा मावशी, मी बाहेर बसतो. बिचारा जिन्यात जाऊन बसला. मी तशीच धडपडत उठले. म्हटलं, बाबा, चुकलं माझं, परत न्हाई निजायची. पर माझ्या भावास्नी सांगू नको. हात जोडले त्याला."

इतकी वर्षं मी पत्र्याखाली माणसाला झोप लागावी म्हणून धडपडले. ती लागल्याबद्दल कोणाला हात जोडून माफी मागावी लागेल, हे मात्र माझ्या कुठल्याच एस्टिमेटमध्ये मी धरलं नव्हतं.